डॅमेजचा माल

टेम्पोत माझ्या मागं अडीचशे पेट्या,
सगळ्या फुगलेल्या, सगळ्या हलक्या.
हे वजन नसलेलं ओझं
अठरा वर्षं वाहतोय मी
अमळनेर ते चोपडा, चोपडा ते अडावद.
वाटेत जेवढ्या टपऱ्या तेवढे सोयरे.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटा करून
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं : पाकिटातलं बंद.
मी विचारलं, सगळंच?
त्या म्हणाल्या, तुम्ही काय काम करता?
मी सांगितलं.
त्या हसल्या नाहीत.

पहिले तीन दिवस डोकं दुखतं, हे सगळे सांगतात.
चौथ्या दिवशी बोटं आठवण काढतात
हे कुणी सांगत नाही.
अंगठा आणि तर्जनी, दोघंच,
दुपारी चारला आपोआप जवळ येतात.
फाडायला काही नसतं.
मग पावतीच फाडतात.
भिकन भोई म्हणाला, लोटनभाऊ, अजून पैसे दिले नाहीत मी.

जीभ तर सरळ खोटं बोलते.
म्हणते, भूक लागली.
निघताना कळण्याची दीड भाकरी झालेली असते,
वर ठेचा, वर कांदा.
भूक कसली?
तिला ती धूळ हवी असते मसाल्याची,
नारिंगी,
नखाच्या कडेला दोन दिवस राहणारी.

रत्ना डब्यात भाजलेल्या शेंगा देते.
शेंगा चांगल्या असतात.
पण शेंग एकदाच वाजते आणि संपली की संपते.
पाकीट संपल्यावरही
तळाशी अजून काहीतरी आहे
असं सांगत राहतं.

एकदा टाकरखेड्याच्या फाटकात अडकलो.
मागं अडीचशे पेट्या, पुढं मालगाडी,
आणि पोटापासून गळ्यापर्यंत ती.
फाटकवाला म्हणाला,
"इंजिन बंद कर भाऊ, गाडी जावाले येळ शे."
मी डबे मोजायला लागलो.
एकोणिसाव्याला तोंडात पाणी.
एकतिसाव्याला हात मागच्या ताडपत्रीच्या दोरीवर.
मध्ये कुठंतरी मोजणी चुकली, अंदाजानं पुढं गेलो.
अठ्ठावन्नावा गार्डाचा डबा,
मग रिकामे रूळ,
आणि पलीकडं कपाशी, जशी होती तशी.

तेव्हापासून ती आली की म्हणतो,
येऊ दे, मालगाडी आहे.
कधी कधी पॅसेंजर निघते.
थांबते.

अकराव्या रात्री गोडाऊनमध्ये थांबली.
परत आलेल्या मालाचं पोतं होतं,
उंदरांनी कोपरे कुरतडलेलं,
कंपनीला मोजून पाठवायचं.
मी टॉर्च बंद केला,
जणू कुणी बघत होतं.
कोपरा उंदराचा, उरलेलं माझं.
चव आठवत नाही.
अंधारातला आवाज आठवतो,
केवढा मोठा होता.

सकाळी वहीत सोळा, पोत्यात नऊ.
शेठ म्हणाले, उंदीर फार माजलेत.
मी म्हणालो, हो ना.
पिंजरा मीच आणला बाजारातून,
मीच भाकरीचा तुकडा अडकवला,
आणि रत्नाला सांगताना
हे सगळं एका उंदराविषयी आहे असं सांगितलं.
ती म्हणाली, किती मोठा होता?
माझ्या पोटाकडं बघत.

आज सदतिसावा दिवस.
भिकनचा नातू माझ्याच हातून पाकीट घेतो,
दातांनी फाडतो.
तो आवाज.
बोटं खिशात घालून उभा राहतो.
पोराला काही सांगत नाही.
सांगायला माझ्याकडं तोंड नाही,
टेम्पो आहे.

रात्री पोतं जमिनीवर ओततो.
चौदा.
वही बघतो. चौदा.
टॉर्च चालू ठेवून पुन्हा मोजतो.

पिंजऱ्यातली भाकरी वाळून खापरी झालीय,
कुणी फिरकलेलं नाही.
शटर ओढताना
सवयीनं बोट जिभेला लावून बघतो.
नुसतं डिझेल.
थोडं मीठ, घामाचं.